नऊ दिवसांचा सिनेमा, तीन आठवड्यांचं बेट

इफ्फीला जायचं तर राहायचं कुठे? पणजीत नाही, कलंगुटला तर नाहीच नाही. मांडवीच्या मधोमध, जिथे जायला पूलच नाही अशा दिवाडी बेटावर!

इफ्फीला जाऊन आलेला माणूस ओळखणं एकदम सोप्पं असतं. गळ्यात डेलिगेटचा बिल्ला (परतीच्या गाडीतही काढलेला नसतो), डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि ‘काय काय बघितलंस?’ असं विचारलं की सिनेमाचं नाव नाही, थेट आकडा. ‘बत्तीस!’ बरं, त्यातला एखादा सांग ना, असं म्हटलं की गाडी अडते. ‘अगं तो एक होता बघ... इराणचा... की तुर्कस्तानचा? त्यात एक म्हातारा असतो...’ म्हातारा तर सगळ्यांतच असतो, राजा!

मला हे नको होतं. म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये इफ्फीला जायचं ठरलं तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. एक, पणजीतलं हॉटेल शोधणं बंद केलं आणि दिवाडी नावाच्या बेटावर एका आंटींच्या घरातली खोली घेतली. दुसरी, परतीचं तिकीट फेस्टिव्हल संपतो त्या दिवसाचं न काढता त्यानंतर सोळा दिवसांनी, १४ डिसेंबरचं काढलं. फ्रीलान्सिंगचा हा एक फायदा आहे. पगार कधी येईल सांगता येत नाही, पण सुट्टी कुणाला मागावी लागत नाही.

मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने हे ऐकून फोनवरच कपाळाला हात लावला. ‘आठवडाभर सिनेमा, समजलं. पण बाकीचे पंधरा दिवस काय करून राहशील तू तिथे? ना बीच, ना पार्टी!’ प्रश्न रास्त होता. आपण नागपूरकर. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आपली बोटिंगची हद्द अंबाझरीपर्यंत. गोव्याला जाऊन नदीतल्या बेटावर कशाला राहायचं?

मुंबईहून निघालेला मोर

आधी थोडं फेस्टिव्हलबद्दल. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारी १९५२ ला मुंबईत सुरू झाला, तोही सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या पुढाकाराने. ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘राशोमोन’ असे सिनेमे तेव्हा आपल्याकडच्या प्रेक्षकांनी बघितले. मग महोत्सव मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. पुढची कित्येक वर्षं त्याला स्वतःचं घर नव्हतं. ते मिळालं २००४ मध्ये, गोव्यात. जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात आयनॉक्सचं मल्टिप्लेक्स उभं राहिलं आणि तेव्हापासून सुवर्णमयूर मांडवीकाठीच नाचतो.

२०२४ चा महोत्सव ५५ वा. तारखा २० ते २८ नोव्हेंबर. आता गंमत बघा, २० नोव्हेंबरलाच महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान! उद्घाटनाचा रेड कार्पेट की बूथवरची रांग? मी सकाळी लवकर मतदान उरकलं आणि बोटावरची शाई वाळते न वाळते तोच दुपारची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मडगाव. तिथून पणजी, पणजीहून जुने गोवे आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून थेट फेरीबोटीच्या धक्क्यावर.

धक्क्यावर ही गर्दी! क्षणभर वाटलं, सगळे सिनेमालाच आलेत की काय. पण ही गर्दी वेगळीच होती. त्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा सोहळा सुरू झाला होता. दहा वर्षांतून एकदा बॉम जीझसच्या बासिलिकातून त्यांचे अवशेष समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणतात आणि जगभरातून माणसं दर्शनाला येतात. ५ जानेवारी २०२५ पर्यंत तो चालणार होता. म्हणजे माझ्या मुक्कामात एका टोकाला सिनेमाची रांग, दुसऱ्या टोकाला संताची. आणि मधे मी, सॅक पाठीवर टाकून फेरीची वाट बघत.

पूल नसलेलं गाव

दिवाडी हे तिसवाडी तालुक्यातलं, मांडवीच्या पात्रातलं बेट. एका बाजूला जुने गोवे, दुसऱ्या बाजूला डिचोली तालुक्यातलं नार्वे आणि दोन्हीकडून बेटावर यायला फक्त फेरीबोट. पायी येणाऱ्याला तिकीट नाही. बोट म्हणजे काय, तर एक मोठ्ठा लोखंडी ट्रे. त्यात आधी गाड्या, मग स्कूटर, मग माणसं. काही मिनिटांचा प्रवास, पण त्या काही मिनिटांत आवाज बदलतो. हॉर्न मागे राहतात, पुढे बेडूक सुरू होतात.

बेटावर एक टेकडी आणि टेकडीवर पिएदादचं चर्च. खाली भातखाचरं. ही शेती समुद्राच्या भरती-ओहोटीच्या तोंडाशी आहे, तिला खाजन म्हणतात. खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि ‘मानस’ नावाच्या लाकडी दारांतून हवं तेव्हा आत-बाहेर सोडायचं. खारेपणा सोसणारं कोरगूट नावाचं भात तिथे पिकतं. ही व्यवस्था पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची आहे. आपल्याकडे विदर्भात पाणी नाही म्हणून रडायचं, इथे नको ते पाणी येतं म्हणून जागं राहायचं!

आंटींचं घर म्हणजे लाल कौलं, पुढे बसायला बलकांव आणि परसात फणस. पहिल्या रात्री त्यांनी मला दारातच विचारलं, ‘जेवलें गो बाय?’ मी हो म्हणायच्या आत ताटात हुमण आणि भात आला होता. नागपुरी जिभेला नारळ गोड लागतो, सावजीची सवय असलेल्यांना तर फारच. तिसऱ्या दिवसापासून मी आंटींच्या स्वयंपाकघरात तिखटाची बाटली शोधणं सोडून दिलं.

शेवटची फेरी काय शिकवते

आता मुद्द्याचं. बेटावर राहायचं म्हणजे रात्रीची शेवटची फेरी गाठायची. आणि गोव्यात अंधार पडला की बस दुर्मीळ होते. म्हणजे फेरीच्या आधी बस, बसच्या आधी सिनेमा, असं उलटं गणित. रात्रीचे शो माझ्यासाठी बादच. सकाळी बुकिंग उघडलं की आजूबाजूचे लोक मोबाइलवर तुटून पडायचे, तिकीट नाही मिळालं तर रश लाइनमध्ये तासन्‌तास उभे राहायचे. आयनॉक्समधून कला अकादमी, तिथून सम्राट-अशोक, तिथून पर्वरी. एक संपायच्या आत दुसऱ्याकडे पळ. मी दिवसाला दोन, फार तर तीन सिनेमे बघायचे आणि निघायचे.

पहिले दोन दिवस जीव कासावीस झाला. आपल्या पिढीचा हा आजारच आहे. सेल सुटला, सिरीज सुटली, ग्रुपवरचा प्लॅन सुटला की वाटतं, आयुष्यच सुटलं! बिल्ला गळ्यात आणि रात्रीचा शो हातातून जातोय, म्हणजे पैसे वाया, असं डोकं ओरडत होतं.

तिसऱ्या दिवशी ‘टॉक्सिक’ बघितला. लिथुआनियाचा सिनेमा, सौले ब्लिउवाइते हिचा. एका उजाड औद्योगिक गावातल्या तेरा वर्षांच्या दोन मुली, तिथून सुटायचं म्हणून एका मॉडेलिंग स्कूलच्या नादी लागतात आणि बारीक होण्यासाठी स्वतःच्या शरीराचे हाल करतात. बाहेर आले तेव्हा पुढच्या सिनेमाची रांग लागली होती. मी बसमध्ये बसले. रायबंदरचा तो लांबलचक जुना बांधरस्ता, १६३०च्या दशकातला, दोन्ही बाजूंनी पाणी. मग जुने गोवे, मग फेरी. तासाभरात एक अक्षर कुणाशी बोलले नाही. फेरीच्या कठड्याला टेकून उभी असताना त्या मुली एकेक करून परत आल्या. आपल्या हिंगण्याच्या एमआयडीसीजवळ वाढलेल्या, ‘इथून निघायचंय’ एवढंच माहीत असलेल्या दोन-तीन मुलीही आठवल्या. लगेच पुढचा सिनेमा बघितला असता तर हे सगळं त्याखाली गाडलं गेलं असतं. शेवटच्या दिवशी याच सिनेमाला सुवर्णमयूर मिळाला, पण मला तो लक्षात राहिला तो फेरीमुळे.

त्या आठवड्यात मी एकूण सोळा सिनेमे बघितले. सोळाच्या सोळा आजही सांगू शकते. ज्यांनी बत्तीस बघितले त्यांना नावं ठेवायची नाहीत, एकेकाची पचनशक्ती असते. पण माझ्यापुरतं कळलं की सिनेमाला थिएटरइतकीच थिएटरनंतरच्या रस्त्याची गरज असते. आपल्या वीरा साथीदारांचा ‘कोर्ट’ आठवा. नागपूरचा हा माणूस, चळवळीतला, २०१४ च्या त्या सिनेमात लोकशाहीर झाला आणि सिनेमा व्हेनिसहून दोन पुरस्कार घेऊन आला. त्यात कोर्टाच्या खोलीत काही घडतच नाही असं वाटत राहतं. ते घडतं ते घरी जाताना. (२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने साथीदारांना नेलं, तेव्हा अनेकांनी तो परत बघितला.)

महोत्सवात मराठीचाही झेंडा होताच. ‘घरत गणपती’साठी नवज्योत बांदिवडेकरांना भारतीय सिनेमातल्या पदार्पणाच्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. बेटावर आंटींना ही बातमी सांगितली तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘कोंकणी नाही?’ मग मी त्यांना विचारलं, तुमचा आवडता सिनेमा कुठला? त्या आयनॉक्सला एकदाही गेल्या नव्हत्या. पण पहिला कोंकणी सिनेमा ‘मोगाचो आंवडो’ त्यांना नावाने माहीत होता. २४ एप्रिल १९५० ला तो आला, गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं. त्या तारखेला आजही कोंकणी सिनेमाचा दिवस पाळतात.

मांडव उतरला, मी राहिले

२८ ला समारोप झाला. दुसऱ्या दिवशी पणजीत गेले तर कंदील उतरवत होते, फ्लेक्स गुंडाळत होते. लग्नघराच्या दुसऱ्या दिवशी येते तशी उदासी. बिल्लेवाले विमानात बसले आणि माझा खरा मुक्काम सुरू झाला.

सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा. मी पोय घ्यायचे, गरम, कोंड्याची. मग लॅपटॉप. बलकांवात नेट बरं चालायचं, पावसाळ्यातलं आंटींनाच ठाऊक. दुपारी एखादा लेख पाठवायचा आणि उन्हं उतरली की चालायला निघायचं. एकदा चालत नार्वेच्या बाजूला गेले. कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर मुळात या दिवाडीवरचं. १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लोकांनी लिंग नदीपार नेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी पलीकडच्या नार्व्यात देवळाचा जीर्णोद्धार केला. शाळेत हे एका ओळीत वाचलं होतं. बेटावर जुनी पुष्करिणी बघून मग फेरीने नदी ओलांडून देवळात गेले, तेव्हा ती ओळ किती लांबीची आहे ते कळलं. देवही इथून फेरीनेच गेला म्हणायचा!

३ डिसेंबरला झेवियरचं फेस्त. जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेत उभ्या असलेल्या लोकांकडे बघून मला आयनॉक्सची रश लाइन आठवली. तिथे पाच मिनिटं उशीर झाला की माणसं चिडायची, इथे लहान पोरं कडेवर घेऊन बाया तासन्‌तास उभ्या आणि कुणाची तक्रार नाही. झेवियर स्वतःही १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, पलीकडे जायच्या होडीची वाट बघत बघत वारले. वाट बघणाऱ्यांचा संतच म्हणायचा.

पण रोज येणाऱ्याचं काय?

इथवर वाचून तुम्ही बेटाच्या प्रेमात पडला असाल तर जरा थांबा. कारण एका सकाळी मी हौसेने कामावर जाणाऱ्यांची फेरी गाठली आणि माझी कविता तिथेच संपली.

त्या फेरीत कुणी नदीकडे बघत नव्हतं. हेल्मेट घातलेली, स्कूटरवरच बसलेली, सुरू इंजिनाची माणसं. डबे, लॅपटॉपच्या बॅगा, युनिफॉर्म. आपलीच माणसं! वर्धा रोडच्या सिग्नलला नऊ वाजता दिसतात तीच. फरक एवढाच की सिग्नल कधीतरी हिरवा होतो. फेरी भरली तर भरली, पुढच्या खेपेपर्यंत घड्याळाकडे बघत राहायचं. पणजीत बँकेत काम करणारी एक मुलगी मला हसून म्हणाली, ‘तुम्हाला ही बोटराइड. आम्हाला लेट मार्क.’ रात्री बेटावर कुणाच्या छातीत दुखलं तर पहिला प्रश्न ‘डॉक्टर कुठला?’ हा नसतो. ‘फेरी आहे का?’ हा असतो.

म्हणून दिवाडीला पूल हवा की नको, ही चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. आणि ती गाव विरुद्ध सरकार अशी सरळ नाही. ती एकाच जेवणाच्या टेबलावर चालते. आंटी म्हणतात, नको. पूल आला की मोठ्या शहरांतले लोक येणार, जमिनीला भाव येणार, खाजनात भराव पडणार. एकदा बांध फुटला की मग शेती गेलीच. त्यांचा मुलगा पणजीत नोकरीला. तो म्हणतो, हवा. बेट सुंदर राहावं म्हणून मी रोज दीड तास कशाला घालवू? कंटाळून माझ्या वयाची निम्मी पोरं निघून गेली, मग सुंदर राहून करायचं काय?

दोघांचंही बरोबर वाटतं, हीच तर पंचाईत. पणजीचा इतिहास दोघांच्याही बाजूने साक्ष देतो. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा लोकांना परत फेरीबोटींनीच तारलं. आणि २०१९ मध्ये अटल सेतू झाल्यावर त्याच नदीवरून गाड्या काही मिनिटांत पार होऊ लागल्या, ते कुणाला नको आहे?

मला कुणीतरी विचारलंच, तुझं काय मत? मी बोट पुढे केलं. नखाशी अजून शाईची रेघ होती. ती नागपूरची होती. तीन आठवडे ज्याच्या शांततेवर मी जगले त्या बेटाने तसंच शांत राहावं, असं मला वाटणारच. मला तिथून रोज कामावर जायचं नव्हतं. ज्याला जायचं आहे त्याचं मत माझ्या आवडीपेक्षा जड धरायला हवं. आपण ज्याला ‘स्लो लाइफ’ म्हणतो त्याचं बिल तिथे कुणीतरी रोज सकाळी भरत असतं. पाहुण्याने निदान ते बघावं.

तुम्हालाही जायचंय?

तारखा: २०२४ प्रमाणे २०२५ मध्येही इफ्फी २० ते २८ नोव्हेंबर होता. डेलिगेट नोंदणी ऑनलाइन होते. ती सुरू झाली की लगेच करा, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

सिनेमा: दिवसाला दोन नक्की करा, तिसरा नशिबावर. मोठ्या नावांची तिकिटं आधी संपतात, पण पुढे ती ओटीटीवरही येतात. छोट्या देशांचे सिनेमे आधी निवडा, ते परत भेटत नाहीत.

फेरी: पोहोचल्याबरोबर धक्क्यावर त्या दिवशीची शेवटची खेप विचारून घ्या. इंटरनेटवरच्या वेळांवर जाऊ नका. कामाला जाणाऱ्यांच्या गर्दीच्या वेळी भाड्याची कार बोटीत चढवू नका, त्या जागेत कुणाच्या तरी चार स्कूटर मावतात.

बेटावर: बीच नाही, शॅक नाही, डीजे नाही. भातखाचरांत फोटोसाठी उतरू नका, बांधावरून चाला. शेजारच्या चोडण बेटावर खारफुटीतलं सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथे सकाळी लवकर जा.

आणि हो, हुमण गोड लागलं तरी आंटींसमोर तसं म्हणू नका. सावजी मसाल्याची पुडी बॅगेत ठेवा, पण ती गुपचूप वापरा!